दुरुस्तीचा भांडवली निधी रोजच्या खर्चाला वळवू द्यावा का?

इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही अमेरिकेतल्या एका मध्यम शहरात राहता आणि तिथल्या ट्रान्झिट एजन्सीच्या, म्हणजे सार्वजनिक बस-रेल्वे चालवणाऱ्या संस्थेच्या, प्रवासी सल्लागार समितीवर आहात. एजन्सीकडे २४० बस आणि एक लाइट रेल, म्हणजे ट्रामसारख्या हलक्या शहरी रेल्वेचा, मार्ग आहे. कोविडकाळातली फेडरल मदत संपल्यावर तूट आली. आता राज्याच्या विधिमंडळात प्रस्ताव आहे, की दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी ठेवलेला राज्याचा भांडवली निधी दोन वर्षं चालू खर्चाला, म्हणजे पगार, इंधन आणि फेऱ्यांना वापरू द्यावा. पेनसिल्व्हेनियाने २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या सेप्टा या ट्रान्झिट एजन्सीला तशी मुभा दिली, असा दाखला दिला जातोय. सुनावणीत तुम्हाला तीन मिनिटं मिळणार आहेत. पाठिंबा द्यावा की विरोध करावा, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधी सांगतो: लेखी अटी घालून पाठिंबा द्या, आणि अटी नाकारल्या तर विरोध करा. असं का, ते मात्र सविस्तर सांगावं लागेल. प्रस्तावात जे लिहिलंय त्यापेक्षा जे लिहिलेलं नाही तेच जास्त महत्त्वाचं आहे. खरा प्रश्न 'वळवावं की नाही' एवढा नाहीच. कोणता पैसा वळतोय, त्यामुळे नेमकं कोणतं काम पुढे ढकललं जातंय, आणि तो पैसा परत कुठून आणि कधी येणार, हे तीन प्रश्न आहेत. यांची उत्तरं न घेता कुठलीही बाजू घेतली तरी ती अंदाजानेच घेतल्यासारखी होईल.

आधी पैशाचे कप्पे समजून घ्या. अमेरिकेत ट्रान्झिटचा पैसा भांडवली आणि चालू अशा दोन खात्यांत विभागलेला असतो. बस विकत घेणं, रूळ बदलणं, सिग्नल नवे बसवणं, डेपोचं छप्पर बदलणं ही भांडवली कामं. ड्रायव्हर, मेकॅनिक, डिझेल, वीज हा चालू खर्च. फेडरल सरकार शहरांना सूत्रानुसार जो निधी देतं, त्यातला मुख्य फेडरल ट्रान्झिट कायद्याच्या कलम ५३०७ खालचा. शहरी भागाची लोकसंख्या २ लाखांच्या वर असेल तर तो सहसा चालू खर्चाला वापरता येत नाही. गर्दीच्या वेळी १०० पर्यंतच बस चालवणाऱ्यांना काही सूट आहे, पण तुम्ही त्यात बसत नाही. दुसरा कलम ५३३७ खालचा, 'स्टेट ऑफ गुड रिपेअर' नावाचा. तो रेल्वेसारख्या स्वतंत्र मार्गांच्या दुरुस्तीसाठी असतो आणि मार्ग किमान ७ वर्षं चालू असावा लागतो. दोन्हींत भांडवली कामाचा ८० टक्क्यांपर्यंतचा वाटा फेडरल सरकार उचलतं. उरलेले २० टक्के राज्याने किंवा स्थानिक संस्थेने घालायचे.

या २० टक्क्यांमुळेच सगळा हिशोब फिरतो, आणि सुनावणीत नेमकं तेच कुणी बोलत नाही. समजा राज्याच्या निधीतले २ कोटी डॉलर वळवले. ते जर फेडरल अनुदानाचा स्थानिक हिस्सा म्हणून ठेवलेले असतील, तर त्यांच्या मागे ८ कोटी डॉलरचं फेडरल काम उभं असतं. हिस्सा गेला की तेही थांबतं. थांबलेलं अनुदान कायम वाटही बघत नाही. ५३०७ चा पैसा वाटप झालेलं वर्ष धरून आणखी ५ वर्षांत ठरावीक कामासाठी मंजूर करून बांधून घ्यावा लागतो, ५३३७ चा आणखी ३ वर्षांत. म्हणजे २ कोटी वाचवताना १० कोटींची दुरुस्ती अडू शकते. याउलट, वळवला जाणारा पैसा हिश्श्याचा नसून केवळ राज्याच्याच कामांचा असेल, किंवा हिस्सा दुसरीकडून भागत असेल, तर हा धोका बराच कमी. काही राज्यांत महामार्गाच्या टोलमधून मिळालेलं श्रेय, ज्याला टोल क्रेडिट म्हणतात, हिश्श्याऐवजी दाखवता येतं. तुमच्या राज्यात ती सोय आहे का ते विचारा. तुमचा पहिला प्रश्न हाच असू द्या: वळवल्या जाणाऱ्या रकमेपैकी किती रक्कम फेडरल अनुदानाचा हिस्सा आहे?

दुसरी गोष्ट, हा निधी मुळात कशातून आलाय? दरवर्षीच्या अर्थसंकल्पातली तरतूद असेल, किंवा विक्रीकर, इंधनकर, वाहन नोंदणी यांतला राखीव भाग असेल, तर कायदा बदलून तो वळवता येतो. पण करमुक्त कर्जरोखे विकून उभा केलेला पैसा असेल तर तो पगाराला वापरणं सहसा चालत नाही. रोख्यांच्या अटीच आड येतात. अनेकदा प्रस्तावात मोठी रक्कम दाखवलेली असते आणि त्यातला अर्धा भाग रोख्यांचा निघतो, म्हणजे प्रत्यक्षात वळवण्याजोगा नसतोच. मग उरलेल्या छोट्या, रोख भागावर सगळा भार येतो. हा रोख भाग बहुतेक वेळा लहान दुरुस्त्यांचा असतो, आणि त्याच सगळ्यात आधी लागतात.

तिसरी गोष्ट थोडी आडबाजूची आहे, पण जाणकार माणूस तीच आधी बघतो. 'प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स', म्हणजे बिघाड होण्याआधीची नियमित देखभाल, फेडरल नियमांत भांडवली खर्च म्हणून चालते. ऑइल बदलणं, ब्रेक तपासणं आणि ते करणाऱ्या मेकॅनिकचा पगार ही सगळी खरं तर रोजची कामं, तरी त्यांना ८० टक्के फेडरल पैसा लावता येतो. अडचणीतली एजन्सी मग काय करते? ५३०७ चा जवळजवळ सगळा पैसा देखभालीच्या खात्यात लावते आणि तिथे मोकळा झालेला स्थानिक पैसा पगाराला देते. यात बेकायदेशीर काही नाही. पण तसं झालं की बस बदलण्यासाठी फेडरल खात्यात काही शिल्लक राहत नाही आणि नव्या बसचा सगळा भार राज्याच्या भांडवली निधीवर येतो. म्हणजे तुमच्याकडे निधी वळवणं कदाचित आधीच चालू असेल, फक्त त्याला ते नाव नसेल. गेल्या तीन-चार वर्षांत ५३०७ पैकी किती टक्के देखभालीला लावले, हे एजन्सीच्या अर्थविभागाला विचारा. आकडा ८०-९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर राज्याचा निधी ही बस बदलण्याची शेवटची वाट आहे. तीही बंद करणं म्हणजे पेरणीचं बियाणं खाणं.

आता दोन वर्षं थांबलं तर प्रत्यक्षात काय होतं ते तुमच्याच आकड्यांवर बघू.

चाळीस फुटी मोठ्या बसचं किमान आयुष्य फेडरल नियमांत १२ वर्षं किंवा ५ लाख मैल धरलं जातं. २४० बसना १२ ने भागलं की वर्षाला २० बस बदलाव्या लागतात. दोन वर्षं खरेदी थांबली, की मुदत संपलेल्या ४० बस रस्त्यावर राहतात. तिसऱ्या वर्षी पैसा आला तरी ६० बस एकदम मिळत नाहीत. ऑर्डर दिल्यापासून बस हातात यायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं आणि कारखान्याच्या रांगेतली जागा आपण सोडलेली असते. त्यामुळे दोन वर्षांचा खंड रस्त्यावर साडेतीन-चार वर्षांचा होतो. शिवाय पुढे कधीतरी एका झटक्यात घेतलेल्या ६० बस १२ वर्षांनी एकदमच म्हाताऱ्या होतात. हा खड्डा पुढच्या पिढीच्या बजेटमध्येही दिसतो.

यात स्पेअरचं गणित घाला. ५० किंवा जास्त बस असलेल्या एजन्सीने गर्दीच्या वेळी लागणाऱ्या बसच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त बस राखीव ठेवू नयेत, असा फेडरल दंडक आहे. तुमच्या २४० मध्ये २०० रस्त्यावर आणि ४० राखीव, म्हणजे बरोबर काठावर. समजा आज रोज २५ बस वर्कशॉपमध्ये असतात, काही ठरलेल्या तपासणीला, काही बिघडून. अजून १५ बसची उसंत आहे. ४० जुन्या बस ताफ्यात राहिल्या की वर्कशॉपमधला आकडा ३०, ३५, ३८ असा चढत जातो आणि बाहेर कुणाला काही कळत नाही, फेऱ्या सुटत असतात. तो ४० च्या वर गेला, त्या दिवसापासून प्रत्येक जादा बिघाड म्हणजे सकाळची एक रद्द फेरी. म्हणूनच 'सहा महिने झाले, काही फरक पडला नाही' हा युक्तिवाद ऐकून हुरळून जाऊ नका. राखीव बस संपेपर्यंत फरक दिसतच नाही.

वर्कशॉपमध्ये ही घसरण कशी सुरू होते? साधारण दर ६,००० मैलांनी बसची ठरलेली तपासणी असते: ब्रेक लायनिंगची जाडी, एअर ड्रायर, बेल्ट, होज, दारांची संवेदक पट्टी, व्हीलचेअरचा रॅम्प, एक्झॉस्टमधला फिल्टर. वर्षाला बसमागे ४०,००० मैल धरले तर २४० बसना मिळून सुमारे १,६०० तपासण्या, म्हणजे कामाच्या दिवसाला साधारण सहा-सात. बिघडलेल्या बस वाढल्या की मेकॅनिक त्यांच्याकडे वळतात आणि ठरलेल्या तपासण्या मागे पडतात. तपासणी लांबली की झिजलेलं लायनिंग ड्रमपर्यंत जातं आणि फक्त लायनिंग बदलण्याचं काम ड्रमसकट करावं लागतं. एअर ड्रायरचं काडतूस वेळेवर बदललं नाही तर ओलावा व्हॉल्व्हमध्ये जातो आणि थंडीत ब्रेक गोठतो. दोन्हीकडे स्वस्त सुटा भाग वाचवला जातो आणि महागडं युनिट जातं. फेडरल पाहणीत किमान ८० टक्के तपासण्या वेळेवर झालेल्या असाव्यात अशी अपेक्षा असते, आणि वेळेवर म्हणजे ठरलेल्या अंतराच्या १० टक्के अलीकडे-पलीकडे. तुमच्या एजन्सीचा हा टक्का ९५ वरून ८५ वर आला असेल, तर कागदावर अजून सगळं ठीक आहे आणि प्रत्यक्षात घसरण सुरू झाली आहे.

रेल्वेचा हिशोब आणखी बोलका आहे. तुमच्या लाइट रेलवर एका मैलात स्लीपर कुजले, खिळे सैल झाले, पाण्याचा निचरा न झाल्याने खडीत चिखल शिरला. रूळ बाजूला सरकू लागले की तिथे वेगमर्यादा लागते. ताशी ४० मैलांनी तो मैल दीड मिनिटात कापला जायचा. ताशी १० मैलांनी सहा मिनिटं लागतात. जाताना साडेचार आणि येताना साडेचार, एका पूर्ण फेरीत ९ मिनिटं वाढली. फेरी ६० मिनिटांची आणि गाडी दर ६ मिनिटांनी असेल तर आधी १० गाड्या पुरत होत्या. आता ६९ मिनिटांच्या फेरीला १२ लागतात. म्हणजे तेवढीच सेवा द्यायला दोन गाड्या आणि त्यांचे चालक जास्त, रोज, दिवसभर. त्या नसतील तर दहाच गाड्या जवळपास सात मिनिटांच्या अंतराने धावतील आणि रोज दोनशेच्या जागी पावणेदोनशे फेऱ्या होतील.

माझा सगळा मुद्दा या गणितात आहे. दुरुस्तीचा पैसा चालू खर्चाला वळवला, की न झालेली दुरुस्ती चालू खर्चच वाढवते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तूट तेवढीच राहत नाही, ती मोठी झालेली असते. म्हणून याला मदत न म्हणता उसनवारी म्हणायला हवं, आणि उसनवारीला परतफेडीची तारीख लागते.

आता पेनसिल्व्हेनियाचा दाखला. तो दिला जातो तितका साधा नाही. सेप्टापुढे २१ कोटी ३० लाख डॉलरची तूट होती. राज्याचा अर्थसंकल्प अडकला, ऑगस्ट २०२५ मध्ये फेऱ्या कापल्या गेल्या. सप्टेंबरमध्ये राज्याच्या परिवहन विभागाने दोन वर्षांसाठी ३९ कोटी ४० लाख डॉलरपर्यंतचा भांडवली पैसा चालू खर्चाला वापरू दिला आणि फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. त्या क्षणी हा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. कापलेल्या फेऱ्यांमुळे लोक कामावर, शाळेत पोचू शकत नव्हते, आणि एकदा सोडून गेलेला प्रवासी परत आणणं फार कठीण असतं.

पण त्याच वर्षी सेप्टाच्या सिल्व्हरलाइनर फोर प्रकारच्या लोकल रेल्वेगाड्यांना एकामागून एक आगी लागल्या. या गाड्या १९७० च्या दशकाच्या मध्यात बांधलेल्या, जवळजवळ ५० वर्षांच्या. ऑक्टोबरमध्ये फेडरल रेल्वे प्रशासनाने तातडीचा आदेश काढून त्यांच्या तपासणीची सक्ती केली. तपासणीसाठी गाड्या काढल्या की उरलेल्या गाड्यांत गर्दी आणि रद्द फेऱ्या आल्याच. नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर जॉश शापिरो यांनी सुमारे २२ कोटी डॉलर भांडवली कामांसाठी नव्याने दिले. इथे एक काळजी घ्या. आगींचं खापर निधी वळवण्यावर फोडू नका. पहिली आग फेब्रुवारीतली, निधी वळला सप्टेंबरमध्ये. सुनावणीत कुणी हा क्रम दाखवला तर तुमचं बाकीचं म्हणणंही वाया जाईल. खरी शिकवण वेगळी आहे. ज्या ताफ्याची बदली वर्षानुवर्षं पैशाअभावी रखडली होती, तो ताफा अजून रुळांवर असतानाच भांडवली निधी हाच एकमेव मोकळा पैसा उरला होता. आणि भांडवली पैसा वळवल्यावर काही आठवड्यांतच राज्याला भांडवली पैसा पुन्हा घालावा लागला.

आता उलटं टोकही बघा, कारण 'भांडवली निधीला हात लावू नका' एवढंच म्हणून भागत नाही. बॉस्टनच्या एमबीटीए या ट्रान्झिट एजन्सीकडे भांडवली कामांना पैसा होता, पण रोजच्या देखभालीला माणसं कमी होती. ऑगस्ट २०२२ मध्ये फेडरल ट्रान्झिट प्रशासनाने सुरक्षा-पाहणीचा अहवाल दिला. त्याचा रोख हाच होता: मोठ्या प्रकल्पांवर भर, आणि रोजच्या देखभालीला व चालवण्याला मनुष्यबळ अपुरं. मार्च २०२३ मध्ये रूळ-तपासणीच्या नोंदी नीट नसल्याचं लक्षात आलं आणि सगळ्या सबवे मार्गांवर एकदम वेगमर्यादा घालावी लागली. पुढे नोव्हेंबर २०२३ ते डिसेंबर २०२४ या काळात मार्गाचे तुकडे पूर्ण बंद ठेवून रूळ दुरुस्त केले, तेव्हा २२० हून जास्त वेगमर्यादा उठल्या. पैसा नुसता भांडवली खात्यात असून उपयोग नाही. तो खर्च करणारी माणसं, म्हणजे ट्रॅकवरचे गँगमन, सिग्नलचे तंत्रज्ञ, तपासनीस, पर्यवेक्षक, चालू खात्यातून पगार घेतात. ती माणसं कमी केली तर मंजूर भांडवली निधीही पडून राहतो. त्यामुळे तुमच्या एजन्सीत चालू तुटीचा फटका आधी वर्कशॉपच्या नोकरभरतीला बसणार असेल, तर थोडा निधी वळवून ती माणसं टिकवणं हीदेखील दुरुस्तीच आहे. 'परिस्थितीवर अवलंबून' असं मी म्हणतो ते या अर्थाने.

निधी वळवायचाच ठरला तर कोणती कामं थांबवावीत हे आधीच ठरलेलं हवं, नाहीतर जे काम सोपं दिसेल ते थांबतं. थांबवता येण्याजोगी कामं आहेत: नवा विस्तार, स्थानकाचं सुशोभीकरण, पार्किंगचं डांबरीकरण, कार्यालयाची इमारत, चालू असलेलं पण जुनं तिकीटयंत्र. ज्यांना हात लावू नये तीही ठरलेली आहेत: ब्रेक आणि दारं, सिग्नल, रुळांची तपासणी आणि त्यातून निघालेल्या दुरुस्त्या, विजेच्या केबल, बोगद्यांतले पंखे आणि पाण्याचे पंप, आग शोधणारी यंत्रणा. वॉशिंग्टनमध्ये जानेवारी २०१५ ला बोगद्यात विजेच्या बिघाडाने धूर भरला आणि एका प्रवाशाचा जीव गेला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये पुन्हा केबलला आग लागली तेव्हा आख्खी मेट्रो एक दिवसाहून जास्त बंद ठेवून केबल तपासल्या. नादुरुस्त केबल असलेल्या २६ जागा सापडल्या. केबलच्या जोडावरचं संरक्षक आवरण ही काही मोठी खरेदी नव्हे. अशी बारीक, न दिसणारी कामंच यादीतून आधी गळतात, कारण त्यांच्या उद्घाटनाला कुणी येत नाही.

दोन्हींच्या मधलं एक काम आहे ज्याकडे मी खास लक्ष वेधेन: बसचं मध्यायुष्य ओव्हरहॉल. बसचं ४० टक्के आयुष्य झाल्यावर, म्हणजे १२ वर्षांच्या बसला साधारण पाच वर्षांनी, इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शनचं ओव्हरहॉल भांडवली पैशातून करता येतं. नव्या बसचा पैसा थांबणारच असेल तर निदान हे थांबू देऊ नका. आणि ज्या ४० बसची मुदत संपेल त्यांतल्या बऱ्या बसचं पूर्ण पुनर्बांधणीचं काम करता येतं का ते विचारा. नियमाप्रमाणे त्यातून आयुष्य किमान ४ वर्षं वाढायला हवं. सांगाडा गंजलेला असेल, विशेषतः रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या थंड प्रदेशात, तर त्या बसवर पैसा घालू नये. आधी बस लिफ्टवर घेऊन खालची फ्रेम हातोडीने ठोकून बघतात. आवाज बसका आला किंवा पापुद्रे सुटले की ती बस यादीतून काढायची.

आता कागद. २०१६ पासून फेडरल नियमाने प्रत्येक ट्रान्झिट एजन्सीला मालमत्ता व्यवस्थापन योजना ठेवावी लागते. तुमच्याकडे रेल्वे असल्याने तुम्ही पहिल्या गटात, म्हणजे सविस्तर योजना बंधनकारक. तिच्यात प्रत्येक बस, यंत्र, इमारत आणि रुळाची नोंद, अवस्था आणि कामांचा अग्रक्रम असतो. चार आकडे मागा. मुदत ओलांडलेल्या बस आणि गाड्या किती टक्के. इथे लक्षात ठेवा, की मुदतीचा ठोकताळा बससाठी १४ वर्षं आणि लाइट रेलसाठी ३१ वर्षं आहे, वरच्या १२ वर्षांपेक्षा वेगळा, त्यामुळे आकडा मुळातच जरा सौम्य दिसतो. वर्कशॉपची आणि सेवेची वाहनं किती जुनी. रूळ दुरुस्त करणारी गाडीच बंद असेल तर पैसा असून काम होत नाही. पाच गुणांच्या पट्टीवर ३ च्या खाली गेलेल्या इमारती किती. आणि वेगमर्यादा लागलेला मार्ग किती टक्के. हे चारही आकडे आज काय आहेत आणि निधी वळवल्यावर दोन वर्षांनी काय होतील, हे एजन्सीने लेखी द्यावं. ते देता येत नसेल तर प्रस्तावाचा अभ्यासच झालेला नाही.

अटींबद्दल. माझ्या मते चार अटींशिवाय पाठिंबा देऊ नये. पहिली, वरच्या रकमेची मर्यादा आणि शेवटची तारीख कायद्यातच लिहिलेली, 'गरजेनुसार मुदतवाढ' असे शब्द नकोत. दुसरी, फेडरल हिश्श्याचा पैसा वगळलेला. तिसरी, परतफेडीचा स्रोत नाव घेऊन सांगितलेला: कोणता कर, कोणत्या वर्षापासून. 'पुढील अधिवेशनात विचार करू' ही परतफेड नव्हे. चौथी, थांबवलेल्या कामांची यादी जोडलेली आणि दर तिमाहीला दोन आकडे जाहीर: वेळेवर झालेल्या तपासण्यांचा टक्का आणि दोन बिघाडांमधलं सरासरी अंतर. दुसरा आकडा फार प्रामाणिक असतो. न्यूयॉर्कच्या सबवेमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गाडी सरासरी सुमारे ७,००० मैलांवर बिघडायची. रिचर्ड रॅविच तिथल्या ट्रान्झिट एजन्सीचे प्रमुख असताना राज्याने कायद्याने पाच वर्षांचे भांडवली कार्यक्रम सुरू केले, पहिला १९८२ मध्ये, आणि पुढच्या दोन दशकांत हे अंतर १ लाख मैलांच्या पुढे गेलं. सलग, कित्येक वर्षांचा, आधी कळलेला पैसा काय करतो ते या एका आकड्यात दिसतं. त्याच न्यूयॉर्कमध्ये २०१७ ला आणीबाणी जाहीर करून राज्य आणि शहराला मिळून ८३ कोटी ६० लाख डॉलरचा तातडीचा दुरुस्ती कार्यक्रम घ्यावा लागला, म्हणजे कमावलेली अवस्था टिकवायलाही पैसा आणि माणसं लागत राहतात.

परतफेडीच्या स्रोताबद्दल एक सावधगिरी. ठरावीक रकमेचं आश्वासन आकर्षक वाटतं, पण ते महागाईशी जोडलेलं नसेल तर आपोआप कमी होत जातं. बांधकाम आणि सुट्या भागांचे भाव वर्षाला ४ टक्क्यांनी वाढले तर आजच्या १०० डॉलरची दुरुस्तीची ताकद दहा वर्षांत ६८ च्या आत येते. विक्रीकराचा ठरावीक भाग घेतला तर तो महागाईबरोबर थोडाफार वाढतो, पण मंदीत कोसळतो. बॉस्टनच्या एमबीटीएला २००० साली राज्याच्या विक्रीकराचा पाचवा भाग नेमून दिला होता आणि कर अपेक्षेइतका वाढला नाही, त्यात अंगावरचं जुनं कर्ज. त्यामुळे कराचा हिस्सा आणि त्याला किमान हमी, दोन्ही मागा. रोखे काढायचे असतील तर ते पूल, बोगदे, डेपो यांच्यासारख्या दीर्घायुषी कामांना काढावेत. १२ वर्षांच्या बससाठी ३० वर्षांचं कर्ज म्हणजे बस भंगारात गेल्यावरही १८ वर्षं तिचे हप्ते.

तीन मिनिटांत हे सगळं मावणार नाही, आणि मांडायचीही गरज नाही. पहिल्या मिनिटात वेगमर्यादेचं गणित तुमच्या मार्गाचे खरे आकडे घालून सांगा: किती मैल, किती मिनिटं, किती जादा गाड्या. दुसऱ्यात हिश्श्याचा प्रश्न विचारा. तिसऱ्यात चार अटी वाचा आणि लेखी प्रत सचिवांकडे द्या, म्हणजे ती नोंदीत जाईल. सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी एजन्सीकडे मालमत्ता योजना, ५३०७ च्या वापराची चार वर्षांची फोड आणि तपासण्यांचा टक्का यांची लेखी मागणी करा. बिघाडांचे वार्षिक आकडे फेडरल ट्रान्झिट डेटाबेसमध्ये सगळ्यांना खुले असतात, ते स्वतःच काढून ठेवा. एजन्सीचं उत्तर हाती आलं की फोडीचा तक्ता इथे टाका. हिश्श्याचा पैसा कोणत्या ओळीत दडलाय ते बघायला मी मदत करेन.